अंगात घुसलेलं लोखंड आणि आमचा 'फोटो': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात एक्स-रेला अजूनही 'फोटो' म्हणतात. 'पायाचा फोटो काढा', 'छातीचा फोटो आणलाय'. मी अनेक वर्षं हे फोटो काढतोय. निदान डॉक्टर करतात, माझं काम फोटो नीट काढायचं. पण खिडकीशी उभे असलेले लोक प्रश्न मलाच विचारतात, कारण डॉक्टरांपुढे ते संकोचतात. सुई, खिळा, छर्रा, नाणं, पोलादाचा कण अंगात गेला की जे हमखास विचारलं जातं, ते इथे एकत्र केलंय.

फोटोआधी तुम्ही एवढं खोदून खोदून का विचारता? मशीनला कळत नाही का?

मशीनला दिसतं, कळत नाही. कुठे बघायचं, कोणत्या अंगाने बघायचं, हे माणसाने सांगायचं असतं.

सर्वात जास्त फसवणारा शब्द म्हणजे 'कचरा'. 'भाऊ, डोयामा कचरा गया' असं म्हणत रोज कुणी ना कुणी येतं. पण कापूस वेचताना उडालेली काडी हाही कचराच, आणि ट्रॉलीची पिन हातोड्याने ठोकताना उडालेली पोलादाची कपचीही कचराच. काडी बुबुळावर अडकते, खुपते, डोळा लालबुंद होतो आणि माणूस त्याच दिवशी दवाखाना गाठतो. पोलादाची कपची मात्र बंदुकीतून सुटावी तशी येते, बुबुळ भेदून आत जाते आणि मागे एवढीशी भेग ठेवते. भेग आपोआप मिटते. दुखणं थोडं. पहिल्या दिवशी दिसतंही बरं. म्हणून माणूस मेडिकलमधून थेंब घेतो आणि घरी जातो.

तेव्हा 'कचरा' म्हणू नका. कशावर काय आपटलं ते सांगा. 'वखराची पास पाजवत होतो', 'छन्नीने रोटाव्हेटरचा बोल्ट तोडत होतो', 'ग्राइंडर चालवत होतो, चष्मा नव्हता'. यातलं एकच वाक्य कानावर पडलं की आमचा पुढचा सगळा क्रम बदलतो.

सगळे धातू फोटोत दिसतात का?

बहुतेक दिसतात, पण सारखे नाही. पदार्थ जितका घन आणि त्याच्या अणूचा क्रमांक जितका मोठा, तितके क्ष-किरण तो अडवतो आणि तितका पांढरा दिसतो. शिशाचा अणुक्रमांक ८२, तांब्याचा २९, लोखंडाचा २६. हाडातल्या कॅल्शियमचा २०. म्हणून छर्रा किंवा सुई हाडावर आली तरी उठून दिसते. अॅल्युमिनियम मात्र १३ वर, म्हणजे कॅल्शियमच्याही खाली. त्याचा पातळ तुकडा हाडाच्या सावलीत हरवतो. म्हातारी माणसं घाईत गोळी पाकिटाच्या तुकड्यासकट गिळतात. तो चांदीसारखा चमकणारा तुकडा साध्या फोटोत कित्येकदा सापडतच नाही.

काच धातू नाही, तरी बहुतेक दिसते. लाकूड, बाभळीचा काटा, प्लॅस्टिक यांचं साध्या फोटोत जवळपास काहीच दिसत नाही. 'फोटोत काही नाही' याचा अर्थ 'आत काही नाही' असा नसतो. हे मी दिवसातून किमान दोनदा सांगतो.

एकाच पायाचे दोन फोटो कशाला? पैसे वाढवायला?

नाही हो. भिंतीवर पडलेल्या सावलीवरून माणूस भिंतीला टेकून उभा आहे की चार हात दूर, हे सांगता येतं का? एका फोटोतून सुई डावीकडे की उजवीकडे एवढंच कळतं, किती खोल ते नाही. काटकोनात दुसरा फोटो घेतला की खोली कळते. जखमेच्या तोंडाशी आम्ही कातडीवर एक छोटी तार किंवा कागदाची क्लिप चिकटवतो. मग त्या खुणेपासून सुई किती अंतरावर आहे, ते सर्जनला मोजता येतं. एकाच फोटोवर विसंबून चिरा दिला, तर तासभर पाय उकरूनही सुई हाती लागत नाही.

जोडवी, ताईत, करगोटा काढायला का लावता? देवाचं आहे.

देवाचं असलं तरी धातूचं आहे. अंगावरचा धातू आणि अंगातला धातू फोटोत सारखेच पांढरे दिसतात. ब्लाऊजचा हुक बरगडीत घुसलेल्या तुकड्यासारखा दिसू शकतो. साडीची जर, केसातली पिन, खिशातलं नाणं, हे सगळं मी पाहिलंय. फोटो जिच्यात उमटतो त्या कॅसेटच्या आतल्या प्लेटवर धुळीचा कण बसला तरी पांढरा ठिपका उमटतो. अशा वेळी आम्ही प्लेट बदलून पुन्हा फोटो घेतो, म्हणून वैतागू नका. करगोटा सोडायचा नसेल तर निदान वर सरकवा. ताईत हातात घेऊन घरचं माणूस बाहेर बसू शकतं.

डोळ्यात कपची गेल्याचा संशय असेल तर काय करायचं?

चोळू नका, दाबू नका, पाण्याचे फवारे मारू नका. कागदी कपाचा तळ किंवा तसंच काही कडक झाकण डोळ्यावर ठेवून चिकटपट्टी लावा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा. झाकणाचा भार कपाळ आणि गालाच्या हाडावर पडला पाहिजे, डोळ्यावर नाही. वाटेत खाऊ नका, भूल द्यावी लागू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा.

पूर्वी आमच्याकडे साधाच फोटो होता. तेव्हा एक युक्ती वापरायचे. एक फोटो रुग्णाला वर बघायला सांगून, दुसरा खाली बघायला सांगून. पांढरा ठिपका बुबुळाबरोबर हलला तर तो बहुधा डोळ्याच्या आत, हलला नाही तर बाहेर. ही युक्ती अजूनही उपयोगी पडते. पण आता जिथे सोय आहे तिथे डोळ्याच्या खोबणीचा सीटी स्कॅन करतात, मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ कापांचा. मिलिमीटरपेक्षा लहान धातूचा कणही त्यात सापडतो, आणि भिंगाजवळ आहे की पडद्याजवळ हेही कळतं. सोनोग्राफीनेही डोळ्याच्या आतलं दिसतं. पण डोळा फुटला असेल तर त्यावर यंत्राचा दाब देणं धोक्याचं, म्हणून ते नेत्रतज्ज्ञच ठरवतील.

आत राहिलेलं लोखंड गप्प बसत नाही. ते हळूहळू गंजतं, आणि तो गंज पडद्याच्या पेशींना मारतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रातांधळेपणा येतो, बुबुळाभोवतीचा रंग बदलतो, नजर जाते. शुद्ध तांबं तर त्याहून घाईचं. त्याने डोळ्यात काही तासांतच जोराची सूज येऊ शकते.

चष्मा का घालत नाही, असं मी वर्कशॉपमधल्या पोरांना विचारतो. उत्तर ठरलेलं: मे महिन्यात पत्र्याखाली घाम गळतो, काच धूसर होते, काही दिसत नाही. भुसावळचा पारा ४५ च्या पुढे गेला की त्यांचं म्हणणं खोटंही वाटत नाही. तरीही ठोकण्याची ती दोन मिनिटं चष्मा लावा. धूसर काचेतून पिन चुकेल, एवढंच.

काटा आहे की लोखंड, तेच माहीत नसेल तर?

अशा वेळी आधी फोटो, आणि तो स्वच्छ आला पण दुखणं, पू, गाठ चालूच असेल तर सोनोग्राफी. काटा सोनोग्राफीत चमकदार रेघेसारखा दिसतो आणि त्यामागे काळी सावली पडते. धातूच्या मागे शेपटीसारख्या एकामागे एक रेघा उमटतात. कातडीच्या जवळच्या वस्तूसाठी हे साधन फार चांगलं, आणि त्यात क्ष-किरण नसतात. सर्जन सोनोग्राफी लावूनच चिमटा घालतात, तेव्हा चिराही लहान पडतो. बाई गर्भवती असेल तर तपासणी पायाची असली तरी आधी सांगायचं. गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा असल्यामुळे सोनोग्राफीच्या नोंदी काटेकोर ठेवाव्या लागतात.

सीटी स्कॅन सरळ पहिलाच का करत नाही?

पायातल्या सुईसाठी सीटी म्हणजे मुंगीसाठी घण. साधा फोटो स्वस्त, तालुक्याला मिळतो आणि पुरतो. सीटी लागतो तो डोळा, मेंदू, मान, छाती, पोट यांसाठी, जिथे तुकडा कोणत्या रक्तवाहिनीला किंवा आतड्याला चिकटलाय हे कळल्याशिवाय हात लावता येत नाही. सीटीचंही एक दुखणं आहे. मोठा धातू असला की त्याच्या भोवती सूर्यकिरणांसारखे काळे-पांढरे पट्टे पसरतात आणि नेमकं जवळचंच झाकून टाकतात. नव्या यंत्रांमध्ये हे पट्टे कमी करण्याची सोय असते, पण पूर्ण जात नाहीत.

एमआरआयआधी तोच फॉर्म पुन्हा पुन्हा का भरून घेता?

कारण या खोलीत चूक झाली तर ती सुधारता येत नाही.

एमआरआयचं चुंबक बटण दाबल्यावर सुरू होतं, हा समज चुकीचा आहे. आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक मोठ्या यंत्रांत ते रात्रंदिवस चालूच असतं. १.५ टेस्लाचं यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३०,००० पट. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला नातेवाईक यंत्राकडे ओढला गेला आणि दगावला. बाहेरच्या सिलिंडरची ही गत, तर डोळ्यातल्या कपचीचं काय? कपची जागची हलते आणि आतून डोळा चिरते. एमआरआयनंतर याच कारणाने एका माणसाची एका डोळ्याची दृष्टी गेल्याची नोंद १९८६ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, तेव्हापासून जगभर हा प्रश्न फॉर्मवर आहे.

आमच्याकडे भुसावळकडचे एक निवृत्त फिटर आबा कंबरेच्या एमआरआयसाठी आले होते. फॉर्मवर सगळीकडे 'नाही'. मुलाने भरला होता. कपडे बदलताना मी सहज विचारलं, 'आबा, काम कसलं करायचे?' म्हणाले, 'छन्नी-हातोडा, दुसरं काय.' 'डोळ्यात कधी गेलं होतं?' 'गेलं होतं एकदा, पण ते निघालं ना.' कुणी काढलं? कुणीच नाही. दुखायचं थांबलं, म्हणून निघालं असं त्यांनी धरून चाललं. आम्ही आधी डोळ्यांचा साधा फोटो घेतला, वर बघून आणि खाली बघून. उजव्या डोळ्यातला ठिपका हलला. एमआरआय रद्द झाला, कंबरेचा सीटी करून काम भागलं. त्यांचा मुलगा बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसला होता. बापाच्या डोळ्यात लोखंड आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून वेल्डिंग, टर्निंग, ग्राइंडिंग, लोहारकाम कधीही केलं असेल आणि डोळ्यात एकदा जरी काही गेलं असेल, तर सांगा. तीस वर्षं झाली असली तरी सांगा.

पायात रॉड-प्लेट आहे. मग एमआरआय कायमचा बंद?

बहुधा नाही. टायटॅनियम आणि हाडासाठी वापरतात ते स्टेनलेस स्टील चुंबकाला फारसं दाद देत नाहीत, शिवाय स्क्रूने घट्ट बसवलेले असतात. ऑपरेशनचा कागद आणा म्हणजे धातू कोणता ते कळेल. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं यंत्र यांची गोष्ट वेगळी. तिथे नेमकं मॉडेल कळल्याशिवाय आत सोडत नाहीत. शिशाचा छर्रा चुंबकाला चिकटत नाही, पण सगळे छर्रे शिशाचेच असतात असं नाही.

सुई किंवा छर्रा काढलाच पाहिजे का? गावात एकाच्या मांडीत वीस वर्षं छर्रे आहेत.

असतील. स्नायूत शांत पडलेला छर्रा काढायला जाण्यात कधी कधी जास्त नुकसान होतं, म्हणून डॉक्टर तो तसाच ठेवतात. शरीर त्याच्याभोवती कवच करतं. दोन बाबतीत मात्र कानाडोळा नको. शिसं सांध्याच्या पोकळीत असेल तर तिथल्या पाण्यात ते झिरपतं आणि रक्तात शिशाचं विष चढू शकतं. आणि तुकडा नस, रक्तवाहिनी किंवा डोळ्याजवळ असेल तर.

शिवणाची सुई सहसा काढतात. ती गुळगुळीत, टोकदार. चालताना स्नायूंच्या हालचालीने सरकत राहते. काल घेतलेला फोटो आज खोटा ठरू शकतो, म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर सी-आर्म नावाचं एक्स-रे यंत्र लावून चालू चित्रात बघत बघत ती काढतात. सुई घुसली की चालू नका. शेजारच्या पोरीच्या पाठीवर बसून आलात तरी चालेल.

पोराने नाणं गिळलं. केळी खाऊ घालू का?

केळी पिकवणाऱ्या मुलखात हा उपाय सुचणारच. यावल-रावेरकडून येणाऱ्या प्रत्येक आजीने तो आधीच केलेला असतो. पण फोटो होईपर्यंत काही देऊ नका, माय. नाणं अन्ननलिकेत अडकलं असेल तर दुर्बिणीने काढावं लागतं, त्यासाठी भूल, आणि भूल द्यायला पोट रिकामं हवं. तुमच्या दोन केळ्यांपायी ऑपरेशन काही तास पुढे जातं.

फोटोत नाणं समोरून गोल दिसलं तर ते बहुधा अन्ननलिकेत. श्वासनलिकेत गेलेलं नाणं समोरून कडेवर, रेघेसारखं दिसतं. पोटात उतरलं असेल तर बहुतेक पोरं ते काही दिवसांत शौचावाटे बाहेर टाकतात. लाळ गळणं, गिळता न येणं, धाप, उलटी, यातलं काही असेल तर वाट बघायची नाही. आणि एक: आपली रुपया-दोन रुपयांची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात, तेव्हा नाणं पोटात असताना एमआरआय नाही.

नाणं नसून सेल असेल तर?

तर घड्याळाकडे बघा. रुपयाचं नाणं साधारण २० ते २२ मिलिमीटरचं, आणि रिमोटमध्ये असतो तो सीआर-२०३२ सेल २० मिलिमीटरचा. फोटोत पटकन फरक कळत नाही. सेलच्या कडेला मात्र दुहेरी वर्तुळ दिसतं, आणि बाजूच्या फोटोत पायरी. ते शोधण्यासाठी आम्ही फोटो मोठा करून बघतो.

अन्ननलिकेत अडकलेला सेल ओल्या मांसाला लागून वीज वाहवतो, तिथे क्षार तयार होतो, आणि दोन तासांत खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेल जुना, 'संपलेला' असला तरी. चमकणाऱ्या राख्या, गणपतीच्या आराशीतले छोटे दिवे, बोलकी खेळणी, सगळ्यांत हे सेल असतात. उलटी करवू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. एकाहून जास्त लोहचुंबकाच्या गोळ्या गिळल्या असतील तरी हीच घाई. त्या आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकींना चिकटतात आणि मधलं आतडं कुजतं.

लोहचुंबक लावून घरीच काढता येईल का?

नाही. कण कोणत्या वाटेने बाहेर येईल हे तुमच्या हातात नसतं. डोळ्याचे सर्जन चुंबक वापरतात, पण ऑपरेशनमध्ये, आतलं दिसत असताना.

एक्स-रे नव्हते तेव्हा काय करायचे?

बोट आणि सळई घालून चाचपडायचे, आणि त्यानेच जखम सडायची. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू शोधायचं यंत्र घेऊन आला. पण पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगा आड आल्या, आणि डॉक्टरांनी त्याला फक्त शरीराची उजवी बाजू शोधू दिली, गोळी भलतीकडेच होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. रोंटजेनने क्ष-किरण शोधले ते ८ नोव्हेंबर १८९५ ला, आणि १८९६ च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये एका माणसाच्या पायातली गोळी फोटोवरून सापडलीसुद्धा. चौदा वर्षांचा फरक. 'इथेच असेल' असं आधीच ठरवून शोधणाऱ्यांना यंत्रही उपयोगी पडत नाही, हे बेलच्या गोष्टीवरून मला नेहमी जाणवतं.

रेडिएशनने काही होईल का?

किरणांचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. हाताच्या किंवा पायाच्या फोटोचा डोस मिलिसिव्हर्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. नुसतं जमिनीवर राहून, श्वास घेऊन माणसाला वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतं. डोक्याच्या सीटीला साधारण २, पोटाच्या सीटीला ८ ते १०. म्हणून फोटोला घाबरू नका, सीटी उगाच मागू नका. पोटुशी असाल किंवा पाळी चुकली असेल तर आधी सांगा. केंद्राला अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो, तो विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

कामावर लागलं. मालक म्हणतो, 'घरी लागलं असं सांग.'

हे ऐकलं की माझं डोकं तापतं. 'घरी लागलं' म्हणून आलेल्या माणसाच्या तोंडून हातोडा निघत नाही, छन्नी निघत नाही, आणि मग 'कचरा' उरतो. नुकसान दोन्हीकडून. उपचार चुकतो आणि भरपाईही जाते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात एक डोळा गमावला आणि दुसरा चांगला असेल तर कमाईची क्षमता ४० टक्के घटली असं धरलं जायचं; २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. केसपेपरवर लिहिलेलं पहिलं वाक्य पुढे पुरावा होतं. गोळी, बंदूक, स्फोट असेल तर पोलिसांना कळवणं रुग्णालयाला भागच असतं, आणि काढलेला तुकडा सीलबंद करून त्यांच्याकडे जातो. तो घरी आठवण म्हणून मिळत नाही.

जायचं कुठे, खर्च किती?

साधा फोटो बहुतेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, पण ती वेगळ्या खात्याखाली येतात, तिथे दर विचारून घ्या. धडगाव-अक्कलकुव्याकडच्यांनी डोळ्याची जखम असेल तर आधी फोन करून नेत्रतज्ज्ञ आहेत का ते विचारावं. घाट उतरून आल्यावर 'डॉक्टर सुट्टीवर' ऐकणं फार वाईट.

जुने फोटो ठेवायचे की रद्दीत?

ठेवा. मोबाइलवर काढलेला फोटोचा फोटो चालत नाही, सीडी किंवा फिल्म ठेवा. तुकडा सरकला की जागेवरच आहे, हे जुना शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. घडी घालू नका, आणि पत्र्याच्या ट्रंकेत उन्हात नको. फिल्म एकमेकींना चिकटतात.

बैलाच्या पोटात तार गेलीय. त्याचा फोटो काढता का?

हा प्रश्न चेष्टेचा नाही, दरवर्षी येतो. कडब्याबरोबर तार-खिळे गिळले जातात, जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या एका कप्प्यात, अडकतात आणि तिथून पुढे हृदयाकडे टोचतात. पशुवैद्य धातूशोधक यंत्राने तपासतात, मोठ्या ठिकाणी एक्स-रेही असतो, आणि कित्येकदा गुळगुळीत लोहचुंबक गिळवून ठेवतात, म्हणजे तारा त्याला चिकटून एका जागी राहतात. माणसाला जे करू नका म्हणतो, ते बैलाला चालतं. फक्त त्याला आमच्या खोलीत आणू नका, नाना. दार अडीच फुटांचं आहे.